कोष्ठातील यीस्ट आणि व्याधिक्षमत्व

मलपरीक्षणाच्या अहवालावर 'यीस्ट पेशी आढळल्या' असा एक शेरा आला, की रुग्ण अस्वस्थ होतो. तो कागद घेऊन तो वैद्याकडे येतो किंवा थेट औषधाच्या दुकानात जातो. दोन्हीकडे त्याला बहुधा काहीतरी दिले जाते. कोणी क्रिमिघ्न कल्प देतो, कोणी बुरशीनाशक गोळी, तर कोणी 'साखर, ब्रेड, इडली, सगळे बंद' असा आदेश. याच सुमारास दुसऱ्या रुग्णाला अतिसारासाठी यीस्टचेच पाकीट विकले जात असते. एकाच दुकानात एकाच जातीचा जीव एकाला शत्रू म्हणून आणि दुसऱ्याला मित्र म्हणून दाखविला जातो. या दोन्ही व्यवहारांमागे जे अपुरे ज्ञान आहे, त्याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम आपल्या गावची गोष्ट. पुणे विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीयांच्या आंत्रस्थ सूक्ष्मजीवांवर दीर्घकाळ काम केले. त्यातील बहुतेक काम जीवाणूंवरील आहे. परंतु २०१२ साली 'जर्नल ऑफ बायोसायन्सेस'मध्ये या गटाचा एक छोटा लेख प्रसिद्ध झाला, त्याकडे वैद्यकविश्वाचे फारसे लक्ष गेले नाही. दोन स्तन्यपायी व दोन वरचे दूध घेणारी अर्भके आणि त्यांच्या माता, एवढ्यांच्याच मलाचे नमुने घेऊन त्यांतील केंद्रकयुक्त सूक्ष्मजीवांचा, म्हणजे जीवाणू सोडून बुरशी व आदिजीव यांचा, जनुकीय पद्धतीने शोध घेण्यात आला. अर्भकांच्या मलात असे जीव सापडले नाहीत. मातांच्या मलात मात्र ब्लास्टोसिस्टिस आणि काही बुरशी निश्चितपणे आढळल्या. माता निरोगी असूनही बुरशी बाळगून होत्या, ही त्यातील खरी बाब.

चार जोड्यांवरून नियम सांगता येत नाही, हे उघड आहे. नॉर्वेमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात जन्मानंतर थोड्याच दिवसांत अर्भकांच्या मलातही बुरशीचे अंश मिळाले, आणि त्यांतील काही मातेकडून आल्याची चिन्हे दिसली. तेव्हा पुण्यातील अर्भकांचे आंत्र खरोखरच बुरशीरहित होते, की बुरशी इतकी अल्प होती की त्या पद्धतीच्या पकडीत आली नाही, हा प्रश्न खुला राहतो. तथापि दोन्ही अभ्यासांतून एक दिशा दिसते : यीस्ट हा मनुष्याच्या कोष्ठात बाल्यावस्थेत प्रवेशणारा आणि पुढे आयुष्यभर कमीअधिक प्रमाणात राहणारा सहचर आहे.

राहणे कसे, आणि वाटसरू कोण

आंत्रातील सूक्ष्मजीवांच्या एकूण जनुकद्रव्यात बुरशीचा वाटा हजारात एकाहूनही कमी भरतो. एवढ्यावरून तिला नगण्य समजू नये. यीस्टची एक पेशी जीवाणूच्या पेशीपेक्षा आकारमानाने सुमारे शंभरपट मोठी असते, आणि तिच्या भित्तीतील शर्करामय घटकांवर आपली प्रतिकारयंत्रणा विशेष लक्ष ठेवून असते. २०१७ साली अमेरिकेतील निरोगी स्वयंसेवकांच्या मलाचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात सॅकॅरोमायसिस, मॅलॅसेझिया आणि कॅन्डिडा हे तीन गण सर्वाधिक आढळले.

परंतु जे मलात सापडते ते सर्व आंत्रात वस्ती करून असतेच असे नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने हे फार साध्या रीतीने दाखविले. निरोगी स्वयंसेवकांच्या आहारातून सॅकॅरोमायसिसयुक्त पदार्थ काढून टाकताच तो त्यांच्या मलातून दिसेनासा झाला. त्याच मंडळींनी दात अधिक वेळा घासण्यास आरंभ केल्यावर लाळेतील आणि मलातीलही कॅन्डिडा अल्बिकन्स घटला. म्हणजे पाव खाणाऱ्याच्या मलातील यीस्ट हे पुष्कळदा पावातील असते, आणि कॅन्डिडाचे मोठे आगर मुखात असते. दंतधावन, जिव्हानिर्लेखन आणि गंडूष यांना दिनचर्येत जे स्थान आहे, त्याचा आंत्राशीही संबंध पोहोचतो. हा विचार आपल्या रुग्णांना सांगण्यासारखा आहे, आणि त्यास खर्चही नाही.

मलाचा नमुना प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत काही तास उन्हात अथवा सामान्य तापमानात पडून राहिला, तर त्यातील यीस्ट वाढते, हेही ध्यानी असावे. अहवालावरील तो शेरा कधीकधी रुग्णाच्या कोष्ठाविषयी कमी आणि डबीच्या प्रवासाविषयी अधिक सांगत असतो.

कॅन्डिडाचे एक वैशिष्ट्य असे, की तो दोन रूपांत राहू शकतो : गोल, कोंब फुटणारी यीस्टपेशी आणि लांब वाढणारा तंतू. या रूपांतराचा अभ्यास पुण्यात, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, डॉ. मुकुंद देशपांडे यांच्या गटाने अनेक वर्षे केला. त्यांनी 'बेंजामिनिएला पॉइट्रासी' ही निरुपद्रवी द्विरूपी बुरशी नमुना म्हणून घेतली. पेशीतील ग्लूटामेट डिहायड्रोजिनेज या विकरांच्या प्रमाणावर रूप अवलंबून असल्याचे त्यांनी १९९२ साली दाखविले, आणि रूपांतर रोखणारा पदार्थ हाच बुरशीविरोधी औषध ठरू शकेल का, याचा पुढे शोध घेतला.

गोल रूप सौम्य आणि तंतुरूप घातक, अशी सोपी विभागणी पूर्वी केली जात असे. ती आता पुरती टिकत नाही. तंतुरूपातील कॅन्डिडा 'कॅन्डिडालायसिन' नावाचे लहानसे विषारी प्रथिन स्रवतो व त्याने अस्तरपेशींना भोके पाडतो, हे २०१६ साली कळले. २०२४ साली मात्र उंदरांवर असे दिसले, की आंत्रातील जीवाणू शाबूत असताना त्यांच्या गर्दीत टिकून राहण्यासाठी कॅन्डिडाला हेच तंतुरूप आणि हेच विष उपयोगी पडते. प्रतिजैविकांनी जीवाणू नष्ट केल्यावर त्याला त्याची गरज उरत नाही. जे शस्त्र शेजाऱ्यांना दूर ठेवण्यासाठी वापरले जाते, तेच भिंत दुबळी झाल्यावर घरमालकावर चालते.

व्याधिक्षमत्वाचे दोन पहारे

चक्रपाणींनी व्याधिक्षमत्वाचे दोन अंग सांगितले आहेत : व्याधिबलविरोधित्व आणि व्याध्युत्पादप्रतिबंधकत्व. उत्पन्न व्याधीच्या बलास विरोध करणे हे एक, आणि व्याधी उत्पन्नच होऊ न देणे हे दुसरे. कॅन्डिडाच्या बाबतीत आधुनिक संशोधनाने जे चित्र उभे केले आहे, ते या विभागणीच्या आधारे समजून घेणे आम्हास सोयीचे वाटते. दोन्ही एकच आहेत असा आमचा दावा नाही.

यीस्टच्या पेशीभित्तीत बाहेर मॅननचा थर आणि त्याखाली बीटा-ग्लुकान असते. भक्षक पेशींवरील 'डेक्टिन-१' हा ग्राहक बीटा-ग्लुकान ओळखतो, हा शोध २००१ सालचा. ओळख पटली की पेशीच्या आत 'कार्ड-९' या प्रथिनाद्वारे संदेश जातो, विशिष्ट संदेशवाहक द्रव्ये स्रवतात आणि 'टी-एच १७' नावाच्या लसीकापेशी तयार होतात. त्यांची इंटरल्यूकिन-१७ व २२ ही द्रव्ये आंत्राच्या अस्तराला जंतुघ्न प्रथिने स्रवण्यास लावतात आणि न्यूट्रोफिल पेशींना पाचारण करतात. ही साखळी कोठेही तुटली तर काय होते, हे निसर्गानेच दाखविले आहे. ज्यांच्यात जन्मतः इंटरल्यूकिन-१७ चा मार्ग बंद असतो, त्यांना मुख, नखे व त्वचा यांवर कॅन्डिडाचा चिवट संसर्ग होत राहतो. रक्तात मात्र तो सहसा उतरत नाही. कार्ड-९ मध्येच दोष असणाऱ्यांत तो खोल अवयवांपर्यंत, मेंदूपर्यंतही, पोहोचू शकतो.

हाच भेद चिकित्सेत फार मोलाचा आहे. एड्सच्या रुग्णात टी-पेशी क्षीण होतात. त्याच्या जिभेवर पांढरा थर येतो, अन्ननलिकेत कॅन्डिडा पसरतो, गिळताना वेदना होतात. पण रक्तात कॅन्डिडा क्वचितच सापडतो. याउलट कर्करोगाच्या रासायनिक चिकित्सेने ज्याचे न्यूट्रोफिल अत्यल्प झाले आहेत, त्याच्या मुखात फारसे काही न दिसताही यीस्ट आंत्राची भिंत ओलांडून रक्तात जाऊ शकते. श्लेष्मल अस्तरावर टी-पेशींचा पहारा आहे, रक्तावर न्यूट्रोफिलचा. १९९२ मध्ये भोसरी येथे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली, त्या दशकात पुण्यात व्यवसाय करणाऱ्या ज्येष्ठ वैद्यांना मुखातील या पांढऱ्या थराचा अर्थ नव्याने शिकावा लागला होता. आजच्या तरुण वैद्यांना दुसरा पहारा, न्यूट्रोफिलचा, अधिक वेळा आठवावा लागेल; कारण रासायनिक चिकित्सा चालू असताना बलवर्धनासाठी आपल्याकडे येणाऱ्यांची संख्या वाढती आहे.

न्यूयॉर्कमधील एका कर्करोग रुग्णालयाने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अस्थिमज्जारोपणाच्या रुग्णांच्या मलाचे नमुने क्रमाने तपासले होते. रक्तात कॅन्डिडा सापडण्यापूर्वी त्याच जातीचा कॅन्डिडा त्याच रुग्णाच्या आंत्रात बेसुमार वाढल्याचे, आणि त्याच वेळी आंत्रातील जीवाणू घटल्याचे दिसले. आपल्या देशातील स्थिती पाहावयाची तर चंडीगढच्या डॉ. अरुणालोक चक्रवर्ती यांच्या नेतृत्वाखाली २७ अतिदक्षता विभागांत झालेला आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहावा. रक्तातील कॅन्डिडासंसर्गात सर्वाधिक, ४१.६ टक्के, वाटा कॅन्डिडा ट्रॉपिकॅलिसचा होता. पाश्चात्य ग्रंथांत प्रमुख म्हणून वर्णिलेला अल्बिकन्स नव्हे.

आता दुसऱ्या अंगाकडे, म्हणजे व्याधी होऊ न देण्याकडे वळू. येथे प्रतिकारयंत्रणा यीस्टला मारण्यापेक्षा त्याला मर्यादेत ठेवते. आंत्रात स्रवणारे आयजीए प्रतिद्रव्य कॅन्डिडाच्या तंतुरूपावरील चिकट प्रथिनांना निवडून पकडते आणि गोल रूपाला बव्हंशी मोकळे सोडते, असे २०२१ साली दोन स्वतंत्र गटांनी दाखविले. चोरास नव्हे, चोरीस शासन, असा हा न्याय आहे. आंत्रातील काही जीवाणूही अस्तरपेशींना जंतुघ्न प्रथिने स्रवण्यास उद्युक्त करून कॅन्डिडाची वाढ रोखतात. प्रतिजैविकांच्या दीर्घ वापरानंतर यीस्ट का बळावते, याचे उत्तर येथे आहे.

या सहवासाचा लाभही आहे. आंत्रातील कॅन्डिडामुळे तयार झालेल्या टी-एच १७ पेशी इतर संसर्गांतही उपयोगी पडतात, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसले. २०१९ साली जर्मनीतील संशोधकांनी मनुष्यांत असे दाखविले, की अन्य बुरशींविरुद्धच्या टी-एच १७ पेशींचा मोठा भाग मुळात कॅन्डिडावर तालीम घेतलेला असतो. या तालमीची दुसरी बाजूही त्यांनीच नोंदविली : फुप्फुसाच्या काही जुनाट विकारांत याच पेशी श्वासमार्गातील ॲस्परजिलस बुरशीवर अवाजवी तुटून पडतात. श्वासाचे उद्भवस्थान पित्तस्थान सांगणाऱ्या चरकसंहितेच्या अभ्यासकास हे वाचून कुतूहल वाटेल. आम्हासही वाटले. पण एवढ्या आधारावर तमकश्वासाच्या प्रत्येक रुग्णास बुरशीनाशक देण्याची घाई करू नये.

क्रोहन व्याधीच्या पुष्कळ रुग्णांच्या रक्तात सॅकॅरोमायसिसविरुद्ध प्रतिद्रव्ये असतात, हे १९८० च्या दशकापासून ज्ञात आहे. २०२१ साली याच रुग्णांच्या आंत्रव्रणांत 'डिबॅरिओमायसिस हॅन्सेनी' हे चीजमध्ये आढळणारे यीस्ट सापडले. उंदरांत ते व्रणरोपणास विलंब लावते. येथेही यीस्ट हे मूळ कारण की आधीच बिघडलेल्या भिंतीवरील उपद्रव, याचा निर्णय झालेला नाही.

क्रिमि की सहज?

आयुर्वेदीय लेखांत कॅन्डिडाला सरसकट पुरीषज किंवा कफज क्रिमींत बसविण्याची प्रथा दिसते. आम्ही तिच्याशी सहमत नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानातील व्याधितरूपीय अध्यायात वीस क्रिमी सांगताना 'सहज' क्रिमींना या गणनेतून वगळले आहे, आणि टीकाकार त्यांना अवैकारिक मानतात. शरीरासह राहणारे, व्याधी न करणारे सूक्ष्म जीव असू शकतात, ही कल्पना आपल्या परंपरेस परकी नाही. निरोगी मनुष्याच्या आंत्रातील यीस्टला जवळचे स्थान द्यावयाचे असेल तर ते या सहज कोटीत द्यावे, विसांत नव्हे.

त्याच अध्यायातील अपकर्षण, प्रकृतिविघात आणि निदानपरिवर्जन ही त्रिविध चिकित्सा मात्र येथे चांगली मार्गदर्शक ठरते, आणि तिचा क्रम रुग्णानुसार उलटवावा असे आमचे मत आहे. यीस्ट बळावलेल्या रुग्णात आधी निदान शोधावे : अकारण लांबलेली प्रतिजैविके, स्टेरॉइडच्या गोळ्या, दम्याचा फवारा घेतल्यावर चूळ न भरणे, आम्लनिरोधक औषधांचे वर्षानुवर्षे सेवन, अनियंत्रित मधुमेह, रात्री न काढलेली कवळी. ग्लिफ्लोझिन गटातील मधुमेहाची औषधे मूत्रावाटे शर्करा बाहेर टाकतात, त्यामुळे जननेंद्रियांचा यीस्टसंसर्ग वाढतो. स्त्रीरुग्ण हे सांगण्यास संकोचतात, म्हणून विचारावे.

प्रकृतिविघातासाठी, म्हणजे क्रिमीस प्रतिकूल स्थिती निर्माण करण्यासाठी, आपल्या द्रव्यांत सामर्थ्य असण्याचा संभव आहे. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात डॉ. मोहन करुप्पाईल यांच्या गटाने वनस्पतिजन्य टर्पिनवर्गीय द्रव्यांचा कॅन्डिडावरील परिणाम अभ्यासून २०१३ साली प्रसिद्ध केला. ओव्यातील थायमॉल, पुदिन्यातील मेंथॉल, धण्यातील लिनालूल अशी द्रव्ये त्यांत होती. तंतुरूप धारण करणे, पृष्ठभागास चिकटणे आणि थर बांधणे या कॅन्डिडाच्या क्रियांना अशी द्रव्ये बाध आणतात, असे दिसले. हे प्रयोग काचपात्रातील आहेत. ओव्याचा अर्क आंत्रात त्या मात्रेपर्यंत पोहोचतो काय, हे त्यांवरून सिद्ध होत नाही. पण दिशा मोलाची आहे. मारण्याऐवजी रूपांतर रोखणे हे धोरण आयजीएच्या धोरणाशी जुळते.

प्रकृतीनुसार आंत्रातील सूक्ष्मजीव भिन्न असतात काय, याचा अभ्यास पुणे जिल्ह्यातील वढू परिसरातील ग्रामस्थांवर झाला व २०१८ साली प्रसिद्ध झाला. तो जीवाणूंपुरता होता. असाच अभ्यास बुरशीवर होणे अगत्याचे आहे, आणि प्रकृतिपरीक्षणाचे काम आपल्या संघटनेच्या सभासदांखेरीज अन्य कोण करणार?

चिकित्सालयात आणि दुकानात

थकवा, पोटफुगी, विस्मरण, अंगदुखी या सर्वांचे मूळ आंत्रातील यीस्ट, हे मत १९८३ साली अमेरिकेत विल्यम क्रुक यांच्या पुस्तकाने लोकप्रिय केले. त्याची परीक्षा १९९० साली झाली. अशी लक्षणे असलेल्या ४२ स्त्रियांना आळीपाळीने निस्टॅटिन आणि निष्क्रिय औषध देण्यात आले. योनिगत लक्षणे निस्टॅटिनने अधिक कमी झाली. सार्वदैहिक लक्षणांत मात्र दोहोंत लक्षणीय फरक पडला नाही. साखरेविषयीही असेच. निरोगी मनुष्यांना अधिक साखर देऊन १९९९ साली पाहिले, तेव्हा आंत्रातील कॅन्डिडावर तिचा परिणाम मर्यादितच दिसला. साखर कमी खाण्यास इतर पुष्कळ कारणे आहेत. यीस्टची भीती घालून अशक्त रुग्णाचा आहार तोडू नये.

आपल्या औषधनिर्मात्यांचे तर यीस्टशी पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते आहे. धायटीच्या फुलांसोबत येणारे यीस्टच संधानाचे काम करते, आणि आसवारिष्टांतील १२ टक्क्यांच्या मर्यादेतील स्वयंजनित मद्य त्याचेच अपत्य होय. चूर्णांतील यीस्ट व बुरशीची प्रतिग्रॅम १,००० ही मर्यादा मात्र वेगळ्या हेतूने आहे. ती स्वच्छतेचे व साठवणीचे मोजमाप आहे. न्यूट्रोफिल घटलेल्या रुग्णास कच्ची चूर्णे देऊच नयेत, असे आम्हास वाटते. अशा रुग्णास ज्वर आला तर ज्वरघ्न कल्पाची निवड करीत न बसता त्याच तासाला रुग्णालयात धाडावे. मुखातील पांढऱ्या थरासह गिळताना वेदना असतील तर रक्तशर्करा व एचआयव्ही चाचणी आधी, चिकित्सा नंतर.

राहता राहिली यीस्टची पाकिटे. 'सॅकॅरोमायसिस बूलार्डी' हे यीस्ट फ्रेंच संशोधक आंरी बूलार यांनी १९२० च्या दशकात इंडोचायनात फळांवरून मिळविले. जीवाणुनाशक प्रतिजैविकांचा त्यावर परिणाम होत नाही, म्हणून प्रतिजैविकजन्य अतिसारात ते उपयोगी ठरते. ते आंत्रात कायम वस्ती करीत नाही. सेवन थांबविल्यावर थोड्याच दिवसांत निघून जाते. फ्लुकोनॅझोलसारख्या बुरशीनाशकासोबत ते दिल्यास दोहोंपैकी एकाचे पैसे वाया जातात, तरी एकाच चिठ्ठीवर दोन्ही लिहिलेले आढळते. अतिगंभीर आणि प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांत त्याचा वापर निषिद्ध मानावा, अशी शिफारस युरोपीय औषध संस्थेने २०१७ साली केली, कारण हे यीस्ट रक्तात शिरल्याच्या घटना नोंदल्या गेल्या होत्या. मध्यवर्ती शिरेत नलिका असलेल्या रुग्णाने ते गिळलेले असणेही आवश्यक नसते. शेजारच्या खाटेवर पाकीट फोडले जाते, भुकटी हवेत उडते किंवा हातास लागते, आणि तोच हात नलिकेस लावला जातो. म्हणून रुग्णालयासमोरील औषधविक्रेत्यांनी हे पाकीट देताना दोन प्रश्न अवश्य विचारावेत : रुग्ण घरी आहे की रुग्णालयात, आणि त्याच्या किंवा शेजारच्या रुग्णाच्या मानेत अथवा छातीत नळी आहे काय. उत्तर होकारार्थी असेल तर पाकीट परत कपाटात ठेवावे आणि चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांना दूरध्वनी करावा.